रंगाऱ्याचे तास कोण मोजतो?

गिरणी कामगारांना एकत्र आणायचं तर पुढाऱ्याला जागा शोधावी लागत नसे. पाळी सुटायची, हजारो माणसं एकदम गेटबाहेर पडायची आणि तिथल्या तिथे सभा भरायची. मुंबईच्या कामगार चळवळीचा निम्मा इतिहास अशा गेटसभांमध्ये घडला. रंगाऱ्याला गेट नसतं. आज तो दादरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दोन सोबत्यांबरोबर भिंतीला लांबी भरत असतो, पुढच्या आठवड्यात ठाण्यातल्या शाळेच्या परांचीवर असतो आणि त्यानंतर पंधरा दिवस घरी बसलेला असतो. मालक दर वेळी निराळा. कधी ठेकेदार, कधी सोसायटीचा सेक्रेटरी, कधी थेट घरमालक. ज्याच्याकडे मजुरी वाढवून मागायची तोच महिनाभर टिकत नाही, तर युनियन बांधायची कुणाच्या दारात?

या प्रश्नाला रंगाऱ्यांनी दिलेली उत्तरं कामगार चळवळीच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाहीत. गिरण्या, रेल्वे, गोदी, खाणी यांच्या संपांपुढे ती बारीक वाटतात. पण ज्यांचा मालक रोज बदलतो अशा माणसांची संख्या आज वाढतेच आहे आणि त्या सगळ्यांच्या कामाला येईल असं काहीतरी ब्रश धरणाऱ्या या लोकांनी फार आधी शोधून ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या रंगाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८८७ साली बाल्टिमोर शहरात स्थापन झाली. ‘ब्रदरहुड ऑफ पेंटर्स अँड डेकोरेटर्स ऑफ अमेरिका’ हे तिचं पहिलं नाव. पुढे भिंतींना कागद चिकटवणारे आले, काचकामगार आले, पाट्या रंगवणारे आले, जिप्समच्या तक्त्यांचे सांधे बुजवून भिंत गुळगुळीत करणारे आले. १८९० च्या दशकात फूट पडून दोन गट झाले आणि १९०० साली ते पुन्हा एक झाले. आज ही संघटना ‘इंटरनॅशनल युनियन ऑफ पेंटर्स अँड अलाइड ट्रेड्स’ या नावाने अमेरिका आणि कॅनडात काम करते. इमारतीचा सांगाडा उभा राहिला, गिलावा झाला, की त्यानंतर तिला राहण्याजोगी करणारी बरीच कामं या एका छत्राखाली येतात.

संघटना का बांधावी लागली हे कळायला आधी रंगाच्या डब्यात डोकवावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या घरांना जो पांढरा रंग लागायचा तो शिशाचा सफेदा. जवसाच्या तेलात सफेदा घोटायचा, थोडं टर्पेंटाइन घालायचं आणि भिंतीला, दारांना, खिडक्यांना हात द्यायचा. एक हात वाळला की पॉलिश पेपरने घासायचा आणि मग पुढचा हात. चांगल्या कामाला असे तीन-चार हात लागत. खरा घात घासताना व्हायचा. बंद खोलीत कोरडा सफेदा घासला की त्याची बारीक धूळ उडायची. ती मिशीवर, सदऱ्यावर, नखांत साचायची आणि दुपारच्या भाकरीबरोबर पोटात जायची. काही वर्षांनी पोटात पीळ पडल्यासारखा मुरडा सुरू व्हायचा, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटायची आणि एक दिवस मनगट लुळं पडायचं. हात समोर धरला तर पंजा खाली लोंबायचा. ज्या हाताने ब्रश धरायचा तोच हात आधी जायचा. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या व्याधींवर १७०० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात रंग हाताळणाऱ्यांच्या दुखण्यांवर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

पहिला नेटाचा प्रयत्न एका मालकाने केला, हे नोंदवलं पाहिजे. एडम-जाँ लक्लेर हा चांभाराचा मुलगा सतरा वर्षांचा असताना खेड्यातून पॅरिसला आला, रंगाऱ्याकडे उमेदवारी केली आणि पुढे शहरातला मोठा रंगकाम ठेकेदार झाला. आपली माणसं शिशाने आजारी पडतात हे पाहून त्याने शिशाच्या जागी जस्ताचा सफेदा आणायचं ठरवलं आणि १८४० च्या दशकात तो परवडेल अशा दरात तयार करायची पद्धत बसवली. नफ्यातला वाटा कामगारांना द्यायचीही पद्धत त्याने सुरू केली. १८४३ च्या सुरुवातीला त्याने ४४ कामगारांना बोलावून सुमारे १२ हजार फ्रँक वाटले. तोवर या योजनेवर कुणाचा विश्वास बसत नव्हता, म्हणून नाण्यांची थैली त्याने सगळ्यांसमोर टेबलावर ओतली, असं सांगतात. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली.

लक्लेरची नियत चोख होती. पण त्याच्या दुकानाबाहेरचं पॅरिस पुढची साठ वर्षं शिशाच्या सफेद्यानेच रंगत राहिलं. एका भल्या मालकाने आपला डबा बदलला, तरी शेजारच्या ठेकेदारावर काही बंधन नव्हतं, आणि शिसं भिंत चांगली झाकतं म्हणून गिऱ्हाइकही तेच मागायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या रंगाऱ्यांच्या संघटनेने मोहीम उघडली. तिचे पुढारी आबेल क्रेसाक यांनी डॉक्टर, वर्तमानपत्रं, खासदार असे सगळे दरवाजे ठोठावले. क्लेमांसोसारख्या राजकारण्याने त्यांच्या बाजूने लेख लिहिले. लील शहरात सफेद्याचे कारखाने होते, तिथल्या कारखानदारांनी कडाडून विरोध केला. तरी २० जुलै १९०९ रोजी कायदा झाला आणि १९१५ पासून रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी आली. पगारवाढीसाठी संप करणाऱ्या संघटना तेव्हाही पुष्कळ होत्या. आपल्या धंद्याचा मुख्य कच्चा मालच बंद करा म्हणून सरकारशी भांडणारी संघटना मात्र विरळा.

अमेरिकेत हेच काम डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी वेगळ्या वाटेने केलं. १९१० पासून त्या शिशाचे कारखाने, दवाखाने आणि कामगारांची घरं पालथी घालत होत्या. १९१३ साली रंगाऱ्यांच्या आरोग्यावर त्यांचा अहवाल सरकारने छापला. त्यातलं म्हणणं साधं होतं: धूळ हा खरा शत्रू आहे, म्हणून कोरडं घासू नका, ओलं करून घासा, जेवणाआधी हात धुवायला पाणी, साबण आणि वेळ द्या. यातली एकही गोष्ट महाग नव्हती. पण परांचीवर साबण-पाणी आणून ठेवायला कुणीतरी ठेकेदाराला भाग पाडावं लागतं आणि एकटा रंगारी ते करू शकत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

१९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेने सफेद्यावरचा करार संमत केला. त्या संघटनेच्या करारांत त्याचा क्रमांक तेरावा. इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा नको. जिथे वापरावाच लागेल तिथे कोरडं घासण्या-खरवडण्यातून उडणाऱ्या धुळीचा बंदोबस्त करा, कामाचे अंगरखे द्या, काम चालू असताना आणि संपल्यावर धुण्याची सोय करा, घरून घालून आलेले कपडे रंगापासून दूर ठेवण्याची व्यवस्था करा. आंतरराष्ट्रीय करारात सदरा कुठे टांगावा हेसुद्धा यावं, यामागे कामगारांचा अनुभव बोलत होता. त्या कपड्यांबरोबरच शिसं घरी पोरांपर्यंत पोहोचत असे. अमेरिका तेव्हा या संघटनेची सभासदही नव्हती. घरगुती रंगातल्या शिशावर तिथे बंदी यायला १९७८ उजाडलं. भारतात रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या जुन्या वाड्या-चाळींच्या दारांवर आणि ग्रिलवर जे थर आहेत ते आजही कोरडे खरवडणं धोक्याचं आहे. घरात रंगकाम काढणाऱ्याने पाण्याची बादली आणि ओलं फडकं स्वतःहून पुढे केलं, तर रंगाऱ्याचं आणि घरातल्या लहान मुलांचंही भलं होईल.

शिसं गेलं, पण डब्यातलं संकट संपलं नाही. १९७० च्या दशकात डेन्मार्कमधल्या रंगाऱ्यांच्या बायका सांगू लागल्या की नवरा विसराळू झालाय, लहानसहान गोष्टीवर चिडतो, कामावरून येतो तो नुसता बसून राहतो. वर्षानुवर्षं ऑइलपेंट आणि थिनरची वाफ हुंगल्याने मेंदूवर होणारा हा परिणाम होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला आणि ‘रंगाऱ्यांचा आजार’ याच नावाने तो वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला. डॅनिश रंगाऱ्यांच्या संघटनेने हा प्रश्न हाती घेतला आणि १९८२ साली तिथे रंगाच्या डब्यावर सांकेतिक आकडा छापणं सक्तीचं झालं. मधल्या आडव्या रेघेच्या डावीकडचा आकडा वाफेपासून किती जपायचं ते सांगतो, उजवीकडचा कातडीला लागलं किंवा पोटात गेलं तर किती घातक ते. आकडा वाचून कुठला हातमोजा, कुठला मुखवटा ते ठरतं. जिथे कमी आकड्याचा रंग चालतो तिथे जास्त आकड्याचा वापरता येत नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला डबा उघडायच्या आधी कळावं, अशी ती सोय. घरातल्या भिंतींना पाण्यात कालवायचे रंग तिथे सर्रास झाले त्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याचा व्यवसाय हा माणसांत कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकला आहे. फुप्फुस आणि मूत्राशय या दोन अवयवांचा धोका त्यात मुख्य.

आता वळू या वहीकडे, म्हणजे तासांच्या हिशेबाकडे. रंगाऱ्यांच्या संघटनांची सगळ्यांत टिकाऊ कमाई इथे आहे.

अमेरिकेतल्या पद्धतीत युनियनच्या कार्यालयात काम नसलेल्यांची यादी असते. ठेकेदाराला माणसं हवी असली की तो तिथे कळवतो आणि यादीतल्या क्रमाने माणसं पाठवली जातात. नाक्यावर उभं राहून घासाघीस करावी लागत नाही. करार एका ठेकेदाराशी न करता त्या भागातल्या बऱ्याच ठेकेदारांशी मिळून होतो. रंगाऱ्याने ज्याच्याकडे जितके तास काम केलं, तितक्या तासांची ठरलेली रक्कम त्या ठेकेदाराने मजुरीशिवाय वेगळी, सामायिक निधीत भरायची: दवाखान्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी, नव्या पोरांच्या प्रशिक्षणासाठी. १९४७ च्या कायद्याने अशा निधीवर मालक आणि कामगार दोघांचे सारखे विश्वस्त नेमणं बंधनकारक केलं. वर्षात दहा ठेकेदार बदलले तरी तास एकाच खात्यात जमा होत जातात. उमेदवारी करणाऱ्या पोराला तीन-चार वर्षं शिकताना मजुरी मिळते आणि ती टप्प्याटप्प्याने वाढते.

या संघटनांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. अनेक शहरांत त्यांनी ब्रशची रुंदी किती असावी हे करारात घालून घेतलं आणि रोलर, फवारणी यांना वर्षानुवर्षं अडवून धरलं. फवाऱ्याच्या विरोधात तथ्य होतं, कारण शिशाचा रंग हवेत उडवणं म्हणजे विष उडवणं होतं. रोलरबद्दलचा हट्ट मात्र निव्वळ कामाचे दिवस वाचवण्यासाठी होता आणि तो टिकणार नव्हताच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हळूहळू सोडावा लागला.

याहून काळं प्रकरण निधीच्या पैशांचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रंगाऱ्यांच्या स्थानिक शाखेचा सेक्रेटरी डाऊ विल्सन हा सडेतोड माणूस. ठेकेदार करार मोडत असतील तर त्यांच्या मागे लागायचा आणि आपल्याच संघटनेतल्या वरच्या लोकांनाही प्रश्न विचारायचा. रंगाऱ्यांच्या कल्याण निधीत अफरातफर होत असल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं. ५ एप्रिल १९६६ च्या रात्री सभा आटोपून तो कामगार भवनातून बाहेर पडला आणि रस्त्यावरच बंदुकीच्या गोळीने त्याला ठार मारण्यात आलं. महिन्याभराने, ७ मे रोजी, शेजारच्या हेवर्ड शहरातल्या शाखेचा सेक्रेटरी लॉइड ग्रीन त्याच्या कचेरीत मारला गेला. तोही त्याच निधीतल्या अफरातफरीच्या मागावर होता. पुढे खटले झाले आणि दोषी ठरलेल्यांत त्या निधीशी संबंधित कामगार पुढारी होता, तसाच रंगकामाचा ठेकेदारही. कुणा एका मजुराच्या तासामागे भरलेले चार पैसे एकत्र आले की केवढी मोठी रक्कम होते आणि तिच्यावर राखण किती कडक लागते, हे त्या दोन खुनांनी अमेरिकेतल्या रंगाऱ्यांना शिकवलं. किंमत भयंकर होती.

मालक बदलला तरी खातं बदलू नये, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ चा माथाडी कायदा याच पायावर उभा आहे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जी लढाई लढली, तिच्यामुळे बाजारातल्या हमालाची नोंद माथाडी मंडळात होऊ लागली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मंडळाने सांभाळायचं. पेठेतल्या हमालाला जे मिळालं ते परांचीवरच्या रंगाऱ्याला का मिळू नये, असा प्रश्न साहजिक होता. १९८२ साली तामिळनाडूने हातांनी राबणाऱ्यांसाठी तसा कायदा केला. १९८५ पासून देशभरच्या बांधकाम कामगारांच्या संघटना न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय मोहीम समितीत एकत्र आल्या आणि १९९६ साली संसदेत इमारत व इतर बांधकाम कामगारांचे दोन कायदे झाले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी खर्चायचा. महाराष्ट्राने नियम केले २००७ साली आणि कल्याणकारी मंडळ नेमलं २०११ साली.

पैसा जमा झाला, खर्च मात्र झाला नाही. मोहीम समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला, तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला होता आणि त्यातले जेमतेम साडेनऊ हजार कोटी कामगारांसाठी वापरले गेले होते. काही ठिकाणी या निधीतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रं घेतल्याचंही न्यायालयासमोर आलं. न्यायालयाने अत्यंत कडक शब्दांत नाराजी नोंदवली.

रंगाऱ्याची अडचण त्याहूनही खाली सुरू होते. १९९६ च्या कायद्यातल्या कामाच्या ठिकाणच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत्या. फ्लॅट रंगवणारी टोळी तीन-चार जणांची. मालक स्वतःच्या राहण्यासाठी बांधत असलेलं घर दहा लाखांच्या आतलं असेल तर तेही त्या कायद्याच्या बाहेर होतं. मंडळाकडे नोंद व्हायची तर १८ ते ६० या वयात, मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. मोठ्या टॉवरवरचा सेंट्रिंगवाला एका ठेकेदाराकडे नव्वद दिवस सहज भरवतो. रंगाऱ्याचे नव्वद दिवस पंधरा-वीस घरांत वाटलेले असतात. पहिल्या घराचा मालक त्याला ओळखत नाही, दुसऱ्या ठेकेदाराने फोन बदललेला असतो, तिसरा सही द्यायला तयार होत नाही, कारण सही म्हणजे जबाबदारी असं त्याला वाटतं. गावात ग्रामसेवक आणि शहरात पालिकेचे अधिकारी दाखला देऊ शकतात, पण जो माणूस लातूरहून किंवा उत्तर प्रदेशातून येऊन नाक्यावर उभा राहतो, त्याने रोज केलेलं काम त्या अधिकाऱ्याने कुठून पाहिलेलं असणार? दाखल्यांचे दलाल इथेच शिरतात. खरा रंगारी नोंदीबाहेर राहतो आणि ज्याने कधी ब्रश धरला नाही त्याच्या नावावर मंडळाकडून मिळणारा भांड्यांचा संच निघतो.

२०२० च्या कामगार संहितांमध्ये हे कायदे सामावले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. उपकर राहिला, मंडळं राहिली, नव्वद दिवसांची अटही राहिली. नाक्यावरच्या संघटनांचं काम त्यामुळे मोर्च्यांपेक्षा कागदांचंच जास्त असतं: कुणी कुठे किती दिवस काम केलं याच्या नोंदी ठेवायच्या, मजुरी बुडवणाऱ्या ठेकेदाराचा पत्ता काढून सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात जायचं, नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करून घ्यायचं. कामावर अपघाती मृत्यू झाला तर नोंदीत कामगाराच्या वारसाला महाराष्ट्र मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात. उंच भिंत रंगवताना झुल्याचा दोर तुटून माणूस गेला आणि त्याच्या नोंदणीची मुदत संपलेली असली, तर त्याच्या बायकोला त्या रकमेसाठी भांडायला आधारच उरत नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते नव्या सभासदाला पहिल्यांदा विचारतात ते हेच, की नूतनीकरणाची तारीख कोणती आणि वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय.